जाळी एकाच टोकाला

पहिल्या रात्री वाजला तेव्हा
बाबालाल मुजावर अनवाणी धावला,
नाकाला ओला टॉवेल धरून, चारही चेंबरच्या दारांशी.
अमोनियाचा वास कुठंच नव्हता.
आत फक्त बेदाणे,
खोक्यावर खोकं, थंडीत गप्प.

दुसऱ्या रात्री तो चप्पल घालून आला.
पाचव्या रात्री चालत.
विसाव्या रात्री त्यानं सायरनच्या तोंडात
बारदानाचा बोळा कोंबला
आणि त्याला झोप लागली.

तोच बोळा त्यानं माझ्या हातात दिला,
चोरी कबूल करावी तसा.
"ताई, खोटं बोलतंय हे."
खोटं नाही, मी म्हणाले,
त्याच्या कानाशी कुणीतरी ओरडतंय.

पॅनेल उघडलं.
सेन्सरच्या बारीक तारा
कॉम्प्रेसरच्या मनगटाएवढ्या केबलला
दर वितीवर पट्टीनं आवळलेल्या.
आधीच्या वायरमननं जीव लावून केलेलं काम.
एकही तार वाकडी नाही, एकही टोक मोकळं नाही.
सोडवताना मलाच वाईट वाटलं.

दोन चाळीसला चेंबर थंडी मागतो,
कॉन्टॅक्टर खट्‌कन बसतो,
साठ घोड्यांची मोटर पहिला श्वास ओढते,
आणि शेजारच्या तारेत चार मिलिअँपिअरची कुजबुज चाललेली असते
तिच्यात ती आरोळी उतरते.
पॅनेल बिचारं ऐकलं ते सांगतं.

पट्ट्या कापल्या. सत्तावन्न.
सेन्सरला वेगळा ट्रे दिला, हातभर लांबून.
एका ठिकाणी ओलांडणं भागच होतं, तिथं काटकोनात ओलांडलं,
वैऱ्याच्या बांधावरून जावं तसं,
सरळ, न रेंगाळता.
तारांची जोडी शेवटपर्यंत पिळाची ठेवली.
कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर बोटाच्या पेराएवढा स्नबर,
सायरनच्या रिलेला उलटा डायोड,
सुटताना ती झटका मारते म्हणून.

आणि जाळी.
केबलभोवतीची ती तांब्याची जाळी
दोन्ही टोकांना अर्थ केलेली होती.
"मग जास्त पक्कं न्हाई का?" बाबालालनं विचारलं.
नाही. दोन्हीकडं बांधली की फेरा पुरा होतो,
आणि फेऱ्यात वीज फिरत बसते.
पॅनेलकडचं टोक जमिनीला द्यायचं,
सेन्सरकडचं कापून, टेप लावून, मोकळं सोडायचं.
त्याला ते पटलं नाही.
मलाही आयटीआयमध्ये पटलं नव्हतं.

मिरजेत आमचे अब्बा तंबोरे जुळवायचे.
घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवायचे,
त्या धाग्याला जीव म्हणतात.
केसभर पुढं, केसभर मागं,
तार गुंजायला लागेपर्यंत.
ते दिवसभर गुणगुण आणायच्या मागं,
मी दिवसभर ती घालवायच्या.
दुकान विकलं तेव्हा हिशोब एवढाच झाला
की कान मला मिळाले.

संध्याकाळी फडक्यावर अमोनियाचे दोन थेंब घेऊन
सेन्सरपाशी धरलं.
सायरन असा ओरडला की समोरच्या शेडवरची कबुतरं उठली.
बाबालाल जागचा हलला नाही.
विडीची राख झटकत म्हणाला,
"वाजलं."

म्हणून मी रात्री थांबले.
पोत्यावर बसून चहा, मग परत चहा.
दोन पस्तीस.
त्यानं काय बघायचं म्हणून मीटरकडं बघितलं.
दोन चाळीस.
खट्‌. मोटर उठली, पत्रा थरथरला,
चिनी मातीच्या कपात चहा हलला.
पॅनेलवर हिरवा दिवा. नुसता हिरवा.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"म्हंजे आता वाजलं तर पळाय लागणार."
व्हय, मी म्हणाले.

पहाटे निघताना बघितलं,
खाटेखाली कुठंतरी भिरकावलेल्या चपला
त्यानं उंबऱ्याशी आणून ठेवल्या होत्या,
जोडीनं, तोंड दाराकडं.

बोळा माझ्या पेटीत राहिला.
पक्कड काढताना अजून हाताला लागतो,
बेदाण्याचा चिकटपणा आहे त्याला.